बिबट्या-वाघापासून गुरं कशी राखायची, कोणालाही न मारता: गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणच्या गावांसाठी

जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. आधी गुरं मारली गेली होती, मग मेलेल्या जनावरात विष घातलं गेलं, आणि चार वाघ गेले. त्यानंतर पणजी-मडगावात लोक म्हणत होते कडक शिक्षा करा आणि सत्तरीत लोक विचारत होते की आमच्या गुरांचे पैसे कोण देणार. 2023 मध्ये हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायचा आदेश दिला तेव्हाही हाच वाद परत सुरू झाला. मला मनापासून वाटतं की दोन्ही बाजूंचं भांडण चालू असताना जे काम करायचं असतं ते तसंच राहून जातं, आणि ते काम म्हणजे ज्याच्या घरी दोन म्हशी आणि आठ शेळ्या आहेत त्याचा गोठा नीट करून देणं. त्याचं जनावर मेलंच नाही तर विषाची बाटली कोणी उघडणार नाही.

म्हणून हे लिहितोय. गुरं पाळणाऱ्यांसाठी तर आहेच, पण गावातली युवक मंडळं, पंचायतीतली जैवविविधता समिती आणि शहरात बसून काहीतरी मदत करावी असं वाटणाऱ्यांसाठी पण आहे.

आधी मारलं कोणी ते नक्की करा

गावात शेळी मेली की सगळे म्हणतात बिबटो आला. बऱ्याचदा खरं असतं, पण दर वेळी नाही, आणि चोर कोण ते कळल्याशिवाय उपाय करून पैसे फुकट जातात. बिबट्या सहसा गळ्यावर पकडतो, दातांच्या खोल खुणा तिथे दिसतात, आणि शिकार ओढत आडोशाला नेतो, कधी झाडावर चढवतो. वाघ मोठ्या जनावराला मारतो आणि बहुतेक वेळा मागच्या बाजूने, पुठ्ठ्याकडून खायला सुरुवात करतो, बिबट्या पोट-छातीकडून. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे दिवसाउजेडी टोळीने येतात आणि मागून-पोटाकडून फाडतात. आणि गावठी भटके कुत्रे असतील तर एकाच जनावराला पायावर, कानावर, शेपटीवर, सगळीकडे चावे दिसतात, खाल्लेलं थोडं आणि फाडलेलं जास्त. कुत्र्यांनी मारलेल्या शेळ्या बिबट्याच्या नावावर जातात हे मी बरेचदा बघितलंय.

मातीत ठसा दिसला तर बाजूला नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे मोजमाप कळतं. बिबट्याचा ठसा साधारण 7 ते 9 सेंटीमीटर, मोठ्या वाघाचा 12 च्या वर, आणि दोघांच्याही ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात. कोंबड्यांचं वेगळं, तिथे मुंगूस, रानमांजर, आर म्हणजे अजगर, असे वेगवेगळे गिऱ्हाईक असतात आणि त्यांच्यासाठी बारीक जाळी हाच उपाय.

गोठा, आणि परत गोठाच

तुमच्याकडे एकाच गोष्टीला पुरतील एवढेच पैसे असतील तर ते इथे घाला. रात्री बंद गोठ्यात असलेलं जनावर आणि रात्री रानात राहिलेलं जनावर यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेळ्यांच्या बाबतीत तर जास्तच, कारण बिबट्या एकदा बंद कोंडवाड्यात शिरला की शेळ्या आत सैरावैरा धावतात आणि तो एकामागून एक मारत सुटतो, खायला एक पुरते पण सकाळी सहा-सात मेलेल्या असतात. म्हणजे अर्धवट बंद कोंडवाडा हा उघड्यापेक्षा वाईट.

आपल्याकडच्या गोठ्याचं बघा. भिंत चिऱ्याची असते, कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत, वर उघडं, त्याच्यावर वासे आणि मंगळुरी कौलं, किंवा पत्रे, आणि धनगरवाड्यावर अजून लाकूड, कारवी आणि झावळ्यांची भिंत दिसते. लोक सगळं लक्ष दाराकडे देतात आणि बिबट्या येतो छपरातून. कौलं काही खिळ्याने ठोकलेली नसतात, पंज्याने दोन-चार बाजूला सारली की खाली उडी मारता येते. म्हणून कौलांच्या खाली, वाश्यांना खालून किंवा वरून, जाडी तारजाळी खिळ्यांनी आणि पट्ट्यांनी ठोकून घ्यायची. पत्रा असेल तर जे-हुक दर वाश्यावर हवेत, एका टोकाला पत्रा उचलला जातो का ते खाली उभं राहून हाताने ढकलून बघायचं.

भिंतीच्या आणि छपराच्या मधली जी मोकळी जागा असते ती बंद करायची पण जाळीने, प्लायवूडने नाही. आपल्या हवेत गोठा पूर्ण कोंडला तर मुताचा वास साठतो, गुरांचे डोळे चुरचुरतात, पावसात खुरं कुजतात, आणि मग मालकच कंटाळून दार उघडं ठेवायला लागतो, मग केलेल्या खर्चाचा काय उपयोग. जाळी साधी कोंबड्यांची षटकोनी नको, ती बिबट्या एका झटक्यात फाडतो. चेनलिंक घ्या, तार कमीत कमी 10 गेजची, भोक 2 इंचाचं. कोंबड्यांसाठी वेल्ड जाळी, अर्धा इंच. किनारपट्टीच्या जवळ असाल तर खाऱ्या हवेने जाळी लवकर गंजते, तिथे पीव्हीसी कोटिंगवाली महाग पडली तरी परवडते. खिडकीला गज असतील तर मधलं अंतर 3 इंचांपेक्षा जास्त नको, डोकं शिरलं की बिबट्या आख्खा आत येतो.

आता दार. ह्याच्यावर जरा थांबतो कारण इथेच सगळे फसतात. दाराची खालची फळी जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल्यात असते, तिथे शेण-मूत पण असतं, त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांत ती खालून भुसभुशीत होते, बोटाने दाबली तर आत जाते. मग कुत्रा किंवा मुंगूस तिथे उकरतं, हातभर फट होते आणि मालक तिथे दगड टेकवतो किंवा पोतं कोंबतो. पोत्याने मुंगूस पण अडत नाही. दाराच्या खालच्या फूटभर भागाला आतून-बाहेरून जीआय पत्रा ठोका, आणि उंबरठा सिमेंटचा करा, मातीचा नको. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवा, म्हणजे बाहेरून कोणी ढकललं तर ते चौकटीवर बसतं आणि जास्त घट्ट होतं. कडी वर एक आणि खाली एक, दोन हव्यात, एकच मधोमध असली की खालचा कोपरा वाकतो.

कोंडवाडा बाहेर अंगणात असेल, म्हणजे नुसतं कुंपण, तर त्याला वरून पण जाळी हवी. बिबट्या आठ-दहा फुटांची भिंत चढून जातो, त्याच्यासमोर सहा फुटांचं कुंपण काहीच नाही, आणि कुंपणाला टेकून फणसाची फांदी आली असेल तर त्याला चढायची पण गरज नाही, ती फांदी आधी छाटा. खालून कुत्रे-कोल्हे उकरतात म्हणून जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी टाकून वर चिरे ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, गोठ्याच्या भोवतीची जागा. घाणेरी, रान, वाळलेल्या झावळ्यांचा ढीग, काजूच्या खालची झुडपं, हे सगळं दहा-पंधरा मीटरपर्यंत साफ ठेवा. बिबट्याला लपत लपत जवळ यायला आडोसा लागतो, मोकळ्या जागेतून यायला तो कचरतो. ह्याला पैसे लागत नाहीत, कोयता लागतो आणि एक रविवार.

दिवसा चरायला सोडताना

भात कापून झालं की आपल्याकडे गुरं मोकळी सोडायची सवय आहे, कितीतरी जण मग पावसाळ्यापर्यंत बघतच नाहीत कुठे आहेत. हायवेवर गाडीखाली येतात, रानात बिबट्याच्या तोंडी जातात. जंगलाच्या कडेच्या गावात ही सवय बदलल्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट आहे असं मी स्पष्ट सांगतो.

पूर्वी वाड्यावरच्या सगळ्यांची गुरं मिळून एक राखणो असायचा. आता पोरं कामाला बाहेर, राखणो मिळत नाही, तर आठ-दहा घरांनी पाळी लावा, एका घराची पाळी आठ-दहा दिवसांनी एकदा येते. माणूस सोबत असला की बिबट्या बहुतेक वेळा पुढे येत नाही. कोळसुंदे दिवसा फिरतात, त्यांच्यासाठी तर सोबत माणूस असणं हाच खरा उपाय. संध्याकाळी उजेड असतानाच गुरं परत आणा, दारात मोजून आत घ्या, एक कमी असलं तर अंधारात एकट्याने शोधायला जाऊ नका, दोघे-तिघे बॅटरी घेऊन आवाज करत जा.

गाय विणार असेल तर शेवटचे दिवस तिला घरीच बांधा. रानात व्यायलेल्या गायीचं वासरू हे सगळ्यात सोपं भक्ष्य असतं आणि वासाने जनावर लांबून येतं. दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत वासरू कळपाबरोबर लांब पाठवू नका. गळ्यात घांट बांधा, त्याने बिबट्या पळत नाही पण मागे राहिलेलं जनावर तुम्हाला सापडतं. आपली श्वेतकपिला गाय, जिची गोव्याची जात म्हणून नोंद झाली आहे, ती अंगाने लहान असते, त्यामुळे मोठ्या जर्सीपेक्षा तिच्या बाबतीत ही काळजी जास्त लागते.

लाइट, रंगवलेले डोळे, कुत्रा: काय चालतं आणि कितपत

ऑनलाइन सगळ्यात जास्त विकलं जातं ते हेच, म्हणून आधी सांगतो, गोठा नीट झाल्यावरच इकडे या.

लुकलुकणारे लाइट मिळतात, वेगवेगळ्या रंगात आणि अनियमित वेळाने चमकतात, म्हणजे लांबून वाटतं कोणीतरी बॅटरी घेऊन फिरतंय. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या पठारावर लामा-अल्पाकांच्या कळपांवर ह्याचा नीट प्रयोग झाला, त्यात प्यूमाचे हल्ले थांबले पण कोल्ह्यांवर परिणाम झाला नाही. म्हणजे मोठ्या मांजरांना ते खटकतं. अडचण अशी की जनावर शिकतं, तोच लाइट त्याच खांबावर महिनाभर राहिला की त्याला कळतं की ह्याच्यामागे माणूस नाही. म्हणून दर चार-पाच दिवसांनी जागा आणि उंची बदला, आणि बारा महिने लावू नका, आजूबाजूला हल्ला झाला, गाय व्यायली, गोठ्याचं काम अर्धवट आहे, अशा वेळी दोन-तीन आठवडे लावा. सोलरवाला घेतला तर जुलैत चार्ज होत नाही हे लक्षात ठेवा, पावसाळ्यात सेलवर चालणारा हवा.

डोळे रंगवायची गोष्ट मला फार आवडते. आफ्रिकेत बोत्स्वानामध्ये गुरांच्या पुठ्ठ्यावर दोन मोठे डोळे रंगवून बघितलं, 2020 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. डोळे रंगवलेल्या 683 गुरांपैकी एकही दबा धरणाऱ्या शिकाऱ्याने मारलं नाही, नुसती फुली मारलेल्या 543 पैकी 4 गेली आणि काहीच न रंगवलेल्या 835 पैकी 15. मागून येणाऱ्या सिंहाला वाटतं की आपल्याला बघितलं गेलंय, आणि तो नाद सोडतो. सुंदरबनातही 1980 च्या दशकात मध-लाकडाला जाणारे लोक डोक्याच्या मागे मुखवटे लावून जायचे, विचार तोच. तो प्रयोग सिंह आणि बिबट्याच्या मुलखातला आहे, तरी खर्च जवळजवळ शून्य, आणि दिवाळीच्या पाडव्याला आपण गुरांना ओवाळून, हार घालून, रंग लावतोच. तेव्हा पुठ्ठ्यावर काळा-पांढरा डोळा काढायला काय हरकत आहे. रंग पावसाने जातो म्हणून नोव्हेंबर ते मे, महिन्यातून एकदा परत काढा, आणि ऑइल पेंट वापरू नका, कातडीला त्रास होतो. कळपातल्या सगळ्यांना काढा, अर्ध्यांना काढून अर्धी कोरी ठेवली तर हल्ला कोऱ्यांवर येऊ शकतो.

कुत्र्याबद्दल. नामिबियात 1994 पासून शेतकऱ्यांना राखणीचे मोठे अनातोलियन कुत्रे देतात आणि ते चित्त्यांपासून शेळ्या राखतात, आपल्या हिमाचलचे गद्दी लोक कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. पण आपला गावठी कुत्रा बिबट्याचं आवडतं खाणं आहे. बाहेर साखळीने बांधून ठेवलेला कुत्रा म्हणजे तुम्ही स्वतः बिबट्याला अंगणात आमंत्रण दिलंत. कुत्रा ठेवा, भुंकून उठवतो म्हणून त्याचा उपयोग मोठा आहे, पण रात्री त्याला गोठ्याच्या आत घ्या.

करंटच्या कुंपणाबद्दल एकच सांगतो: घरच्या लाइनची वायर थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेलीत, पोरं मेलीत. कोणी करत असेल तर गप्प बसू नका. तसेच रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फास, त्यात बिबटे अडकून तडफडून मरतात, दिसले तर वनखात्याला सांगा.

मेलेली जनावरं आणि चिकनचा कचरा

आजाराने किंवा म्हातारपणाने मेलेलं जनावर ओहोळात किंवा रानाच्या कडेला टाकू नका, खोल खड्डा करून पुरा, वर चुना आणि चिरे. घाटरस्त्याला रात्री चिकनचा कचरा ओततात ना, तिथे कुत्रे जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, मग तोच बिबट्या पुढच्या वाड्यावर. हे काम शहरातल्यांचं आहे. तुम्ही ज्या दुकानातून चिकन घेता त्याला विचारा की कचरा कुठे जातो.

जनावर मारलं गेलंच तर

राग येणारच. दुभती गाय गेली की घराची रोजची कमाई जाते, आणि तो राग खोटा नाही. पण पहिले काही तास नुकसानभरपाईसाठी फार महत्त्वाचे आहेत, म्हणून हा क्रम पाळा.

जनावर हलवू नका, पुरू नका, त्यावर काही ओतू नका. वाघ-बिबट्याला मारणं किंवा विष घालणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली 3 ते 7 वर्षं तुरुंगाचा गुन्हा आहे, आणि त्याच विषाने तुमचे कुत्रे आणि पाणी पण जातं. मोबाइलमध्ये लोकेशन चालू करून फोटो काढा: पूर्ण जनावर, गळ्यावरच्या खुणा, ओढत नेल्याची खूण, ठसे, आणि कानातला बिल्ला. त्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 आकडी नंबर असतो, तो पशुसंवर्धन खात्याच्या नोंदीत असतो, आणि जनावर तुमचंच होतं हे दाखवायला त्याच्याएवढा चांगला पुरावा नाही. बिल्ला नसेल तर आजच व्हेटरनरी डिस्पेन्सरीत सांगून घ्या, जनावर जिवंत असताना.

मग त्याच दिवशी वनखात्याच्या गार्डला किंवा रेंज ऑफिसला फोन, आणि नुसता फोन नाही, एक लेखी अर्ज आणि त्याच्या कॉपीवर शिक्का. पंचनामा होईल, सरकारी डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून देतील. दोन्हीच्या कॉपी मागून घ्या, पासबुक आणि आधारची झेरॉक्स जोडा. धनगरवाड्यावरची म्हातारी माणसं हे कागद करू शकत नाहीत आणि मग सोडून देतात. गावातल्या शिकलेल्या पोरांनी इथे एक सकाळ दिली तर जेवढं काम होईल तेवढं दहा जागृती शिबिरांनी होणार नाही.

जनावर पडलेल्या जागी रात्री कोणी जाऊ नका. बिबट्या आणि वाघ शिकारीवर परत येतात, आणि त्याला खाऊ दिलं तर तो निदान काही दिवस दुसरं जनावर शोधत नाही.

पिंजरा लावा अशी मागणी लगेच होते. पकडून दुसरीकडे सोडल्याने काय होतं ते शेजारच्या महाराष्ट्रात जुन्नरला दिसलं. 2001 नंतर तिथे बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले, आणि माणसांवरचे हल्ले वाढले, जिथे सोडले तिथे पण सुरू झाले. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच, आणि तो नवा, गावाची सवय नसलेला. माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा वनखातं ठरवेल. नुसता दिसला म्हणून पिंजरा नको. आणि काजूच्या बागेत बछडे दिसले तर हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका, आई जवळच असते आणि रात्री येऊन नेते.

मदत करायची असेल तर पैसे कुठे घालायचे

युवक मंडळ किंवा शहरातला ग्रुप असाल तर आधी यादी करा, गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाची किती जनावरं कुठे गेली, गोठ्यातून की रानातून. बहुतेक गावात असं दिसतं की तीन-चार घरांनाच परत परत फटका बसतो, जंगलाला लागून असलेली. सगळ्या गावाला एक-एक टॉर्च वाटण्यापेक्षा त्या तीन-चार घरांचे गोठे पूर्ण करा. रोख देऊ नका, सामान आणा, सुतार आणि वेल्डर आणा, आणि घरच्या माणसाने मजुरीत हात लावावा अशी अट ठेवा, कारण त्याने स्वतः ठोकलेली जाळी तो पुढे दुरुस्त पण करतो. काम मालकाला विचारून करा, दार कुठून हवं, गुरं कोणत्या बाजूने येतात, म्हैस कुठे बसते, हे त्याच्याएवढं कोणाला माहीत नसतं.

एक वही ठेवा. तारीख, जागा, कोणतं जनावर, दिवस की रात्र, गोठा बंद होता का, अर्ज कधी दिला, पैसे कधी आले. वर्षभराची वही हातात असली की ग्रामसभेत उभं राहून बोलता येतं. जैवविविधता समितीकडून ठराव मांडून घ्या: भरपाई ठराविक दिवसांत मिळावी, गोठ्याच्या जाळीसाठी निधी द्यावा, घाटावर कचरा टाकणाऱ्याला दंड व्हावा. ठरावाची कॉपी आमदाराला, रेंज ऑफिसला आणि पशुसंवर्धन खात्याला, तिन्हीकडे.

गोठ्याचं काम धरायचं असेल तर फेब्रुवारीत धरा, मे संपायच्या आत संपवा, जूनमध्ये वेल्डर मिळत नाही आणि सिमेंट सुकत नाही. आणि दरवर्षी मे महिन्यात एक चक्कर मारा: कौलांखालची जाळी, दाराची खालची फळी, दोन्ही कड्या, कुंपणाला टेकलेल्या फांद्या. गंजलेला तुकडा तेव्हाच बदला.